बारक्याचे दोन गाल

अग्निशमन केंद्राच्या फाटकाला लागूनच एक दोन खुर्च्यांचं सलून होतं. तिथे सेफ्टी रेझर नव्हतं असं नाही, होतं. आरशावर चिकटलेल्या जुन्या जाहिराती खरवडायला ते फार उपयोगी पडायचं. दाढीला मात्र वस्तराच, आणि तो चालवायची दुकानाची मालकीण. तिला सगळे वस्ताद म्हणत. आधी चेष्टेनं म्हणत, कारण विशीतली मुलगी बापाच्या जागी उभी राहून दाढ्या करते याची लोकांना गंमत वाटायची. पुढे चेष्टा गळून पडली आणि नाव तेवढं राहिलं.

तिच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, सारा जन्म याच दुकानात काढला होता. एका लांबलेल्या आजारपणानंतर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. कप बशीत ठेवला तरी शेजारच्या घरात ऐकू जायचं. त्या हातात वस्तरा देणं म्हणजे गिऱ्हाइकाचा गळा नशिबाच्या हवाली करणं, हे दुसऱ्या कुणी सांगायच्या आत अप्पांना कळलं. एका सकाळी त्यांनी स्वतःच वस्तरा मिटला आणि टेबलावर ठेवला. मुलगा तेव्हा शाळेत होता आणि त्याचा सगळा जीव फाटकापलीकडच्या लाल गाड्यांमध्ये अडकलेला. मुलीनं वस्तरा उचलला आणि विचारलं, "आधी काय शिकू?"

अप्पांनी फुगे आणले. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि तो वस्तऱ्यानं काढायचा, फुगा न फोडता. पहिल्या दिवशी दुकानात इतके फटाके वाजले की केंद्रातला एक जवान पळत बघायला आला. काही दिवसांनी फुगे फुटायचे थांबले. मग एक म्हातारा गवंडी खुर्चीत येऊन बसला आणि म्हणाला, "माझ्या तोंडाला सिमेंटची सवय आहे, पोरी. चालव तुझं." दाढी निम्मी झाली तोवर तो घोरायला लागला होता. जागा झाल्यावर त्यानं गालावरून हात फिरवला, मग दुसऱ्या हातानं फिरवला, आणि बाहेर जाऊन चार जणांना घेऊन आला.

तेव्हापासून वस्तादनं मागे वळून पाहिलं नाही. आता ती चाळिशी ओलांडून गेली होती. अंगानं सडपातळ, मनगटं मात्र सुताराची. तिची दाढी म्हणजे तीन हात. पहिला सुलटा, केस ज्या दिशेनं वाढतात त्या दिशेनं. पुन्हा फेस, मग आडवा. पुन्हा फेस, आणि मग उलटा, मुळाकडून वर. डाव्या अंगठ्यानं कातडी अशी ताणून धरायची की केसाला लपायला जागाच राहू नये. शेवटी डोळे मिटून बोटांच्या पाठीनं गाल तपासायचा. एक केस जरी हाताला लागला तरी ब्रश पुन्हा फेसाच्या वाटीत जायचा, मग गिऱ्हाइकाची बस चुकली तरी चुकली. नेहमीच्या लोकांचे स्वतःचे वस्तरे फळीवर ओळीनं मांडलेले असत, ओळखू यावेत म्हणून मुठीला वेगवेगळ्या रंगांचे दोरे गुंडाळलेले. वाटेवरून आलेल्या अनोळखी माणसाला नवीन पातं घातलेला वस्तरा मिळे, पण हात तोच.

"माझ्या हातची दाढी झाल्यावर गालावर माशी बसली, तर तिनं घसरायला पाहिजे," असं ती सांगायची. लाजायचं वगैरे तिच्या स्वभावातच नव्हतं. आपल्याला काय येतं ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते लोकांना सांगण्यात तिला काही गैर वाटत नव्हतं.

गंमत म्हणजे तिच्या नवऱ्याला छातीपर्यंत दाढी. तो शाळेची बस चालवायचा, शांत माणूस. दाढी लग्नाच्या आधीपासूनची. कुणी टोमणा मारला तर म्हणायचा, "घरी तरी मला गिऱ्हाईक व्हायचं नाही." वस्तादनं त्याच्यापुढे कधीच हात टेकले होते.

तिची सारी हौस मग धाकट्या भावावर फिटायची. त्याला बारक्या म्हणत, आणि तो दारातून आत यायचा तो वाकून आणि थोडा तिरका होऊन. लाल गाड्यांचं वेड त्यानं खरं करून दाखवलं होतं. शेजारच्याच केंद्रात जवान म्हणून लागला. त्याचे केस कुरळे, डोक्यावरचे तसेच दाढीचेही. पहिली दाढी आली तेव्हापासून त्याच्या गालाला ताईशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता. आठवड्यातून दोनदा ती त्याला घासून पुसून असा लख्ख करायची की दुकानाची जाहिरात फिरतेय असं वाटे.

मग बारक्याची निवड झाली ती धुरात शिरणाऱ्या तुकडीत. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर मास्क. मास्कची रबरी कड चेहऱ्याला सगळीकडून घट्ट बसली पाहिजे. मध्ये खुंट आले की फट राहते आणि फटीतून धूर आत येतो. म्हणून त्या तुकडीचा नियम होता की पाळीवर येताना दाढी झालेली हवी, रोजच्या रोज. घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. वस्ताद म्हणाली, "रोज ना? रोज करू. तुझ्याइतका गुळगुळीत माणूस त्या तुकडीत दुसरा निघाला तर मला सांग."

आणि रोज पहाटे पाळीच्या आधी ती त्याला खुर्चीत बसवू लागली. सुलटा, आडवा, उलटा.

थोड्याच दिवसांत बारक्याच्या मानेवर आणि जबड्याखाली पुळ्या आल्या. आधी दोन-चार, मग घामोळ्यांसारख्या भराभर, लाल, टणक, काही पिकलेल्या. अप्पांनी पाण्याला दोष दिला. वस्तादनं साबण बदलला, टॉवेल उकळले, तुरटी फिरवली. वस्तऱ्याला दगडावर नव्यानं धार लावली, चामड्याच्या पट्ट्यावर दुप्पट वेळ घासला. पुळ्या वाढतच गेल्या. पुळीच्या आसपासचे खुंट नीट निघावेत म्हणून ती कातडी आणखी ताणायची आणि चौथा हात मारायची. बारक्या दात आवळून बसून राहायचा. ताईचा हात चुकतोय अशी शंकासुद्धा त्याला आली नाही.

एका दुपारी केंद्राचे साहेब दाढीला आले. ते नेहमीचेच; त्यांच्या वस्तऱ्याला निळा दोरा. पण त्या दिवशी खुर्चीत बसल्यावर त्यांनी मान मागे टेकली नाही.

"वस्ताद, आधी बोलतो, मग फेस लावा," ते म्हणाले. "काल मास्कची तपासणी झाली. हवेची वाट तळहातानं बंद करून आत श्वास ओढायचा, मास्क चेहऱ्याला चिकटून राहायला हवा. बारक्याचा चिकटला नाही. जबड्याखालून हवा शिरत होती."

"खुंट राहिला होता?"

"खुंट कसला. कातडी सोललीय त्याची. पट्टे आवळले की ठणका लागतो, म्हणून तो ते ढिले ठेवतो. मी त्याला तूर्त मास्कच्या तुकडीतून बाजूला केलंय. पाण्याच्या पंपावर राहील. चेहरा बरा झाला की पुन्हा तपासणी घेऊ."

वस्तादच्या हातातला ब्रश वाटीतच थांबला. साहेब जरा चाचरत पुढे म्हणाले, "केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी पाहिलंय त्याला. त्यांचं म्हणणं, इतकी खोल दाढी करू नका."

"खोल?" वस्ताद म्हणाली. "दाढी खोल नसते, साहेब. दाढी साफ असते नाहीतर नसते. टेका मान."

साहेबांनी मान टेकली. त्यांची दाढी त्या दिवशीही आरशासारखी झाली.

बारक्याला पंपावर राहावं लागलं हे तिला लागलं. पण त्याहून जास्त लागलं ते डॉक्टरीणबाईंचं बोलणं. इतक्या वर्षांत तिच्या दाढीला कुणी उणी म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं तेही जास्त चांगली म्हणून. तिला ते भाजीवाल्याला भाजी फार ताजी आहे म्हणण्यासारखं वाटलं.

त्याच सुमारास बारक्याला शिडीवरच्या कामाचं शिक्षण घ्यायला दुसऱ्या गावच्या केंद्रात पाठवलं. काही आठवडे बराकीत राहायचं होतं. तिथल्या एखाद्या न्हाव्याकडून दाढी करून घेता यावी म्हणून वस्तादनं त्याच्या पिशवीत वस्तरा घातला. तो पहिल्याच दिवशी काढून घेतला गेला, कारण बराकीत उघडं पातं ठेवायला बंदी होती. बारक्याचा फोन आला.

"ताई, इथे एकानं मला त्याचं जास्तीचं सेफ्टी दिलंय."

"त्यानं काय होणार? केस निघतील, दाढी होणार नाही."

"वेळ कुठे असतो इथे. सकाळी एकच आरसा आणि आम्ही सगळे त्याच्यापुढे. एकदा वरून खाली फिरवतो आणि पळतो."

"फिरव. आलास की निस्तरू."

तो आला तो दुकानाच्या वेळेतच. खुर्चीत दूधवाला बसलेला, अप्पा कोपऱ्यातल्या बाकावर पेपर घेऊन. बारक्या वाकून, तिरका होऊन आत शिरला आणि हसला. वस्तादनं नेहमीच्या सवयीनं बोटांची पाठ त्याच्या गालावरून फिरवली.

"ही दाढी आहे का सुताराचा पॉलिश पेपर?" ती म्हणाली. आणि मग तिचा हात थांबला. हाताला खुंट लागत होते, बारीक, नुकते कुठे वर आलेले. पण पुळ्या लागत नव्हत्या. तिनं त्याची हनुवटी वर केली. जबड्याखाली जुने काळपट डाग होते, त्यांवर एकही ताजी पुळी नव्हती.

"काय लावलंस?"

"काहीच नाही."

"खायला काय होतं तिथे?"

"इथल्यापेक्षा वाईट."

अप्पा पेपरामागून म्हणाले, "तिथलं पाणी चांगलं असणार."

वस्ताद खुर्चीकडे वळली. दूधवाल्याची उरलेली दाढी तिनं पुरी केली, त्याला पावडर लावून वाटेला लावलं, दाराची पाटी उलटी केली आणि बारक्याला उजेडाकडे तोंड करून बसवलं. अप्पांचं पेपर वाचायचं भिंग मागून घेतलं. नव्या पुळ्या नव्हत्या, पण जुन्यांतली एक कानाखाली अजून टिकून होती. त्या पुळीवर भिंग धरून ती कितीतरी वेळ पाहत राहिली.

पुळीच्या पोटात एक केस होता. कातडीतून बाहेर येऊन पुन्हा आत शिरलेला, शिवणीच्या टाक्यासारखा. तिनं सुईचं टोक तुरटीच्या पाण्यात बुडवलं आणि अगदी अलगद तो टाका उचलला. केस सुटला, उभा राहिला आणि लगेच वळून गोल झाला. त्याचं टोक तिरपं छाटलेलं होतं, काट्यासारखं.

हे टोक कुणी केलं होतं ते तिला सांगायला कुणाची गरज नव्हती. ताणलेल्या कातडीवर उलटा हात मारला की केस कातडीच्याही खाली कापला जातो; अंगठा काढला की तो आत बुडतो. सरळ केस असेल तर आल्या वाटेनं वर येतो. कुरळा केस वळण घेतो, आणि टोक असं धारदार असलं की आतल्या आत कातडीत घुसतो. म्हणजे ज्या हाताची ती फुशारकी मारत होती, तोच हात भावाच्या गालात काटे पेरत होता, आणि तेही रोज पहाटे, मायेनं.

"बाई बरोबर बोलल्या होत्या," ती म्हणाली.

"कोण बाई?" बारक्यानं विचारलं.

"तुमच्या डॉक्टरीणबाई. खोल म्हणाल्या ते बरोबर होतं."

अप्पांनी पेपर खाली ठेवला. "वस्तऱ्यानं पुळ्या येतात होय? मग माझ्या हाताखालून गावंच्या गावं गेली, ती काय पुळ्या घेऊन गेली?"

"सगळ्यांना नाही, अप्पा. याला येतात."

"त्या खुरप्यानं बऱ्या झाल्या म्हणे. उद्या म्हणशील, कात्रीऐवजी विळी आणा."

वस्तादला राग आला नाही. कालपर्यंत तिनंही हेच म्हटलं असतं. पण एकदा दिसलेली गोष्ट न दिसल्यासारखी करणं तिला जमणारं नव्हतं, आणि नुसत्या एका पुळीवर भरवसा ठेवून आयुष्यभराची रीत बदलणंही तिला पटणारं नव्हतं. तिनं ठरवलं, दोन्ही हत्यारं एकाच चेहऱ्यावर चालवून बघायची. डावा गाल वस्तऱ्याचा, उजवा सेफ्टीचा. मात्र दुसऱ्या हत्याराला अडाणी हात देऊन हरवायचं, ही लबाडी झाली असती. तेव्हा आधी सेफ्टी शिकणं आलं.

तिनं बाजारातून चांगलं, जड, पितळी मुठीचं सेफ्टी आणलं आणि संध्याकाळी घरी टेबलावर ठेवलं. शिकायला गाल कुणाचा, हा प्रश्न होता. गिऱ्हाइकावर शिकणं म्हणजे नाव घालवणं. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, दाढीतून हात फिरवला आणि म्हणाला, "माझ्यावर शीक."

"अहो, काहीतरीच काय."

"पुन्हा वाढेल. केसच आहेत."

 मग तिनं टॉवेल आणला.

पहिल्यांदा ती थेट दाढीला भिडली आणि सेफ्टी दोन बोटं जाऊन तुंबलं. धुतलं, पुन्हा तुंबलं. अप्पा शेजारी बसून मान डोलावत होते. "लांब दाढी वस्तऱ्यानंच निघते," ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तिनं कात्रीनं दाढी आधी उतरवली. मग फेस लावला आणि सेफ्टी वस्तऱ्यासारखं उभं धरून ओढलं. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो हलला नाही. तेव्हा तिनं हात थांबवून विचार केला. सेफ्टीचं डोकं तिनं गालावर सपाट टेकवलं आणि मूठ हळूहळू खाली आणत गेली, पातं नुकतं केसाला लागेपर्यंत. कोरड्या पानावर पाय पडावा तसा बारीक कुरकुर आवाज आला. दाब द्यायचा नाही. पितळेचं वजन पुरे होतं. वस्तऱ्यात सगळं काम हात करतो. इथे हातानं कमीत कमी करायचं होतं, आणि तेच तिला जड गेलं.

सुलटा हात झाल्यावर पुन्हा फेस लावून तिनं उलटा फिरवला. केस सरळ होते, त्यामुळे भीती नव्हती. तोंड पुसलं, डोळे मिटले आणि बोटांची पाठ फिरवली. ती पुन्हा फिरवली. जबड्याच्या कोनाखाली आणि कानाजवळ हाताला थोडं काही लागलं. तिथे वस्तरा वळतो तसं सेफ्टीचं डोकं वळत नाही. गालावर मात्र वस्तरा कुठला आणि सेफ्टी कुठलं, हे तिला स्वतःला सांगता आलं नसतं.

"कसं झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"ठीक."

"ठीक म्हणजे?"

"ठीक म्हणजे ठीक." तिनं डोळे उघडले आणि त्याच्याकडे बघतच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याची हनुवटी ती आज पहिल्यांदा बघत होती. "तुम्हाला खळी आहे की."

"आहे खरी," तो आरशात वाकून म्हणाला. "मीसुद्धा विसरलो होतो."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमधल्या एका चिमुरडीनं अनोळखी माणसाच्या गाडीत चढायला साफ नकार दिला. त्यानं आवाज दिला तेव्हा कुठे तिची खात्री पटली.

मग बारक्याच्या दोन गालांचा खेळ सुरू झाला. डाव्या गालावर वस्तरा, उजव्यावर सेफ्टी. उजव्याला फक्त सुलटा हात, कातडी न ताणता, पुन्हा एकदा फेस लावून राहिलेलं उचलायचं आणि थांबायचं. गोष्ट फाटकापलीकडे गेलीच. जवान येताजाता बारक्याची हनुवटी धरून दोन्हीकडे वळवून बघायचे. दूधवाला वस्तऱ्याच्या बाजूनं, साहेब कुणाच्याच बाजूनं नाहीत असं सांगून रोज एकदा डोकावून जायचे. अप्पा डाव्या गालाचे खंदे पाठीराखे. सकाळी उठून आधी त्याची विचारपूस करायचे.

वस्तादनं डाव्या गालाला न्याय द्यायचा पुरता प्रयत्न केला. वस्तऱ्यानंही हलकी दाढी करता येते हे तिला माहीत होतं. उलटा हात टाळला आणि कातडी सैल ठेवली की झालं. पण मध्येच तिचं लक्ष जायचं तर डावा अंगठा गालावर पोचलेला आणि कातडी ढोलासारखी ताणलेली. अंगठा काढला की थोड्या वेळानं पुन्हा तिथेच. एकदा तर तिनं अंगठा चार बोटांत मिटून घेतला, तर वस्तरा आपोआप उलटा फिरला. ती खुर्चीमागे उभी राहून हसायला लागली.

"काय झालं, ताई?" बारक्या घाबरून म्हणाला. वस्तरा मानेवर असताना कुणी हसू नये, असं त्याचं मत होतं.

"हात ऐकत नाहीये. याला चांगलंच करायची सवय लागलीय, बरं करायची नाही."

हळूहळू डाव्या जबड्याखाली पुळ्या आल्या. उजवा गाल हाताला किंचित खरखरीत, पण निरोगी, लहान मुलाच्या कोपरासारखा. एका सकाळी अप्पांनी स्वतः भिंग घेऊन दोन्ही गाल पाहिले. खूप वेळ पाहिले. मग भिंग पुसून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "डावा गाल बिचारा दमलाय. त्याला सुट्टी दे."

वस्तादनं वस्तरा पुसून फळीवर ठेवला. दोन्ही गालांवर सेफ्टी आलं. पण तिला आणखी एक गोष्ट कळून चुकली होती. रोज पहाटे ती तरी किती दिवस पुरणार? बारक्याची पाळी बदलते, कधी तो रात्रभर केंद्रात असतो, उद्या बदली होईल. वस्तरा त्याच्या हातात देऊन उपयोग नाही. पट्टा, दगड, धार, त्यात जन्म जातो. सेफ्टी मात्र तो आरशापुढे उभा राहून स्वतः चालवू शकत होता. तिनं त्याला शिकवायला घेतलं. इतका मोठा माणूस, वीस किलोची नळीची गुंडाळी खांद्यावर टाकणारा, पण सेफ्टी हातात आलं की कुदळीसारखं दाबायचा.

"दाबू नकोस."

"मग कापणार कसं?"

"ते कापतं. तू फक्त धर. आवाज ऐक. कुरकुर आली की बरोबर, खरखर आली की पातं बदल. आणि गुळगुळीत झालं का म्हणून पुन्हा पुन्हा बघू नकोस. मास्क बसण्यापुरती दाढी हवी तुला. माशी घसरली नाही तरी चालेल."

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून सहज निघालं, आणि बाकावरच्या अप्पांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती तशीच उभी होती, कंबरेवर हात, नेहमीसारखी.

तपासणीच्या दिवशी तिनं दुकान बंद ठेवलं आणि फाटकातून आत गेली. केंद्राच्या मागच्या अंगाला सरावासाठी धुराची खोली होती, खिडक्या नसलेली. बारक्यानं पहाटे स्वतःची दाढी स्वतः केली होती. साहेबांनी त्याला मास्क घालायला लावला, पट्टे आवळायला सांगितले. त्यानं ते पूर्ण आवळले. चेहऱ्यावर आठीसुद्धा आली नाही. तळहातानं हवेची वाट बंद करून त्यानं श्वास आत ओढला. रबर गालांत रुतलं आणि तिथेच राहिलं. साहेब कान जवळ नेऊन ऐकत होते. शिट्टीसारखा आवाज येतो का, ते बघत होते. काही येईना.

"आत," साहेब म्हणाले.

बारक्या धुरात गेला. दार लागलं. बाहेर उभे असलेले जवान वस्तादकडे चोरून बघत होते. तिच्या तोंडावर काळजी दिसेल असं त्यांना वाटलं असावं. ती शांतपणे भिंतीला टेकून उभी होती. तिनं तो चेहरा भिंगाखाली पाहिला होता, तो हाताखाली घडवला होता आणि मग तो ज्याचा त्याच्या हवाली केला होता. आणखी बघण्यासारखं काही नव्हतं.

दार उघडलं तेव्हा बारक्या उलटा चालत बाहेर आला, माणसाच्या वजनाचा भरलेला पुतळा काखेत धरून ओढत. मास्क काढला. डोळ्यांत लाली नाही, खोकला नाही. रबरी कडेची गोल खूण तेवढी चेहऱ्यावर उमटलेली. तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या जबड्याखाली बोट फिरवून पाहिलं आणि वस्तादकडे वळल्या.

"तुम्हीच का यांच्या ताई? उलटी दाढी सोडायला कसं तयार केलंत यांना?"

"त्याला नाही, मला तयार करायचं होतं," वस्ताद म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तेव्हा मला राग आला होता. मग स्वतः पाहिलं."

बाई हसल्या. "बाकीच्यांनाही दाखवाल का? आणखी तिघांना असाच त्रास आहे."

"पाठवा. मात्र सगळ्यांना एकच दवा नाही देणार. आधी केस बघीन."

त्यानंतर दुकानाच्या दुसऱ्या खुर्चीला काम मिळालं. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी तिथे जवान येऊन बसायचे आणि आरशात बघून स्वतःची दाढी स्वतः करायला शिकायचे. कुरळ्या केसांच्या माणसाला वस्ताद उलटा हात शिकवायचीच नाही. सरळ केसाच्या, जाड कातडीच्या माणसाला शिकवायची. ज्याला हौस असेल, वेळ असेल आणि ज्याची कातडी सोसेल, त्याला अजूनही पहिल्या खुर्चीत बसवून वस्तऱ्यानं तिन्ही हात द्यायची, आणि त्यात तिची बरोबरी करणारं आसपास कुणी नव्हतं, हेही न विसरता सांगायची. "सेफ्टी चुकलेल्या हाताला सांभाळून घेतं," ती म्हणायची. "वस्तरा नाही घेत. म्हणून तो मी धरते आणि ते तुम्ही धरा."

तिच्या नवऱ्यानं दाढी पुन्हा वाढवली, पण छातीपर्यंत नाही. खळीखाली येऊन थांबवली आणि गालांच्या कडा तिच्याकडून वस्तऱ्यानं आखून घेऊ लागला. बारक्या मास्कच्या तुकडीत कायम झाला. पावडर कोटिंगच्या एका कारखान्यात लागलेल्या आगीत त्यानं दोन कामगारांना धुरातून बाहेर काढलं, आणि घरी येऊन आधी झोप काढली, मग सांगितलं.

अप्पांचं काय झालं, तर अप्पांना नोकरी लागली. म्हणजे ती त्यांनी स्वतःच धरली. जवान सेफ्टी घेऊन दुसऱ्या खुर्चीत बसले की अप्पा बाक पुढे ओढून त्यांच्या शेजारी येऊन बसू लागले. थरथरणारा हात त्यांनी काठीवर ठेवलेला असायचा, नजर आरशात. एका सकाळी वस्ताद दूधवाल्याच्या मानेवर उलटा हात मारत होती, तेव्हा मागून अप्पांचा आवाज आला. ते त्याच वर्षी भरती झालेल्या एका दांडग्या जवानाला झापत होते.

"दाबू नको रे. ते काय खुरपं आहे? मूठ खाली आण. आणखी. आता ऐक."

जवान आज्ञाधारकपणे आरशापुढे स्तब्ध झाला. वस्तादनं वळून पाहिलं नाही. दूधवाल्याचा गाल तिनं अंगठ्यानं ताणला आणि पुढचा हात मारला.